बातमीफळा : वाचनालयातल्या फीड-रीडरच्या कामाच्या नोंदी

६ जुलै २०२५, रविवार

आज आषाढी. सकाळपासून देवळात भजन सुरू आहे, वाचनालयाकडे कोणी फिरकणार नाही. म्हणून गुरुजींकडून किल्ली घेतली आणि संगणक मांडायला बसले. तालुक्यातल्या एका दुकानदाराने त्याचा जुना डेस्कटॉप दिला आहे. ४ जीबी रॅम, हार्ड डिस्क कुरकुरते, पण चालतो. त्यावर लिनक्स मिंट टाकलं आणि लिफेरिया नावाचा बातम्यांचा रीडर. दोन्ही फुकट मिळतात.

काम काय आहे ते पहिल्याच पानावर लिहून ठेवते. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यात. पेपर सकाळच्या एसटीने येतात आणि नाल्याला पूर आला की येत नाहीत. वाचनालयात पेपर तीन, वाचणारे पंधरा-वीस. बाकीचं गाव बातम्या वाचतं ते मोबाइलवर कोणीतरी पाठवलेल्या मेसेजमधून. त्या मेसेजवर तारीख नसते.

गेल्या डिसेंबरात असाच एक मेसेज फिरला, 'सीसीआयची कापूस खरेदी उद्यापासून बंद'. सीसीआय म्हणजे हमीभावाने कापूस घेणारं भारतीय कापूस महामंडळ. माझ्या मावसभावाने घरात भरून ठेवलेला २२ क्विंटल कापूस त्याच संध्याकाळी खेडा खरेदीला आलेल्या व्यापाऱ्याला देऊन टाकला, क्विंटलला ६,७०० रुपयांनी. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या हंगामात ७,५२१ होता. खरेदी बंद झालीच नव्हती. ओलाव्याची थोडी कपात झाली असती असं धरलं तरी पंधरा-सोळा हजार रुपये गेले. मी नंतर शोधलं तेव्हा कळलं की मेसेज खोटाही नव्हता. मागच्या कुठल्यातरी हंगामातली खरी बातमी होती ती. तिची तारीख तेवढी वाटेत गळून पडली होती.

म्हणून हे काम. गावाला लागणाऱ्या बातम्या, देणाऱ्याच्या नावासकट आणि तारखेसकट, रोज संध्याकाळी वाचनालयाच्या ओट्यावरच्या फळ्यावर.

८ जुलै, मंगळवार

झड लागली आहे. गुरुजी छत्री झटकत आले आणि खुर्ची ओढून शेजारी बसले. "सांग पोरी, हे आरएसएस म्हणजे काय होय?"

मी सांगायला लागले की प्रत्येक बातमीचं संकेतस्थळ स्वतःच्या नव्या बातम्यांची एक यादी एका ठरलेल्या साच्यात ठेवतं. त्या साच्याला आरएसएस म्हणतात आणि त्या यादीला फीड. आपला रीडर ठरावीक वेळेने तिथे जाऊन यादी वाचतो, नवीन काय ते उचलतो आणि आपल्यापुढे ठेवतो. गुरुजींनी स्क्रीनवर मी उघडलेली फीडची कच्ची फाइल पाहिली. सगळे कंस आणि इंग्रजी शब्द. पण त्यांनी बोट ठेवून एकेक विचारलं. हे मथळा. हे दुवा. हे दोन ओळींचं वर्णन. हे 'पबडेट', म्हणजे प्रसिद्धीची तारीख-वेळ. आणि हे 'जीयूआयडी', म्हणजे त्या बातमीची कायमची ओळख, म्हणजे तीच बातमी दुसऱ्यांदा आली तर रीडरला कळतं.

"मंग हे तं जावक रजिस्टर होय ना," गुरुजी म्हणाले. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढलेला माणूस. जावक क्रमांक, दिनांक, विषय. मी इतके दिवस लोकांना समजावण्यासाठी शब्द शोधत होते, तो त्यांनी एका मिनिटात दिला. फळ्याच्या माथ्यावर आता हेच लिहिणार: 'बातम्यांचं जावक रजिस्टर'.

रात्री घरी आरएसएस २.० चे नियम पुन्हा वाचले. एका बातमीत मथळा किंवा वर्णन, दोन्हींपैकी एक असलं तरी पुरतं. बाकी सगळं ऐच्छिक. तारीखसुद्धा ऐच्छिक! ॲटम हा जो दुसरा साचा आहे, त्यात मात्र प्रत्येक नोंदीला 'कधी बदलली' ती वेळ द्यावीच लागते. मी ठरवलं आहे: ज्या फीडमध्ये तारीख नसेल तिची बातमी मूळ पान उघडून तारीख पाहिल्याशिवाय फळ्यावर जाणार नाही.

१० जुलै, गुरुवार

फीड गोळा करणे. हे काम वाटलं त्यापेक्षा किचकट निघालं. पूर्वी संकेतस्थळांवर नारिंगी रंगाचं चिन्ह असायचं, एक ठिपका आणि दोन कमानी. आता बहुतेकांनी ते काढलं आहे, पण फीड आतमध्ये चालूच असते. दोन युक्त्या कामी आल्या. एक, वर्डप्रेस या संकेतस्थळं बनवायच्या प्रणालीवर चालणारं संकेतस्थळ असेल तर पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन 'फीड' हा शब्द इंग्रजीत जोडायचा. बहुतेक वेळा यादी उघडते. दुसरी, पानाचा स्रोत, म्हणजे पानामागचा कच्चा मजकूर, उघडून त्यात 'आरएसएस' शोधायचं. वरच्या भागात एक ओळ लपलेली असते, तिच्यात फीडचा पत्ता असतो. तेवढाही त्रास नको असेल तर नुसता संकेतस्थळाचा पत्ता रीडरला द्यावा. फीडची ती ओळ पानात असली तर रीडर स्वतः शोधून काढतो.

आजच्या घडीला यादीत: केंद्र सरकारचं पत्र सूचना कार्यालय, बीबीसी मराठी, मराठी दैनिकांच्या राज्य आणि विदर्भ विभागाच्या फीड, दोन शेतीविषयक संकेतस्थळं, आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या 'सचेत' व्यवस्थेचे इशारे. एका कृषी यूट्यूब चॅनेलचीही फीड मिळाली. प्रत्येक चॅनेलला असते, फक्त यूट्यूब ती दाखवत नाही.

बाजार समितीच्या भावांची फीड मिळाली नाही. ते पणन मंडळाच्या संकेतस्थळावरून हातानेच उतरवावे लागतील.

१४ जुलै, सोमवार

गावात 'फीड' म्हटलं की लोकांना विजेचं फीडर ऐकू येतं. मी आतून गुरुजींना म्हटलं, "दोन फीड आल्या नाहीत," तर ओट्यावरून आवाज, "कोनतं फीडर गेलं वं? गावातलं का वावरातलं?" लाइन गेल्याशिवाय राहत नाही हेही खरंच. दुपारी दोन तास गेली होती.

इंटरनेट माझ्या मोबाइलचं, रोजचे दीड जीबी. त्यात घरच्यांचंही भागवायचं. म्हणून आज मोजून पाहिलं. एका दैनिकाची फीड ४५ केबीची, तीस बातम्यांचे मथळे आणि सारांश त्यात. त्याच दैनिकाचं मुख्य पान जाहिराती आणि फोटोंसकट साडेतीन एमबी. शिवाय रीडर दरवेळी सगळी फीडही आणत नाही. सर्व्हरला, म्हणजे ते संकेतस्थळ ज्या संगणकावर असतं त्याला, आधी विचारतो, 'माझ्याकडे ही आवृत्ती आहे, काही बदललं का?' बदललं नसेल तर सर्व्हर '३०४' एवढा आकडा परत पाठवतो आणि विषय संपतो. दिवसभर २४ फीड तपासून एखाद्या छोट्या व्हिडिओइतकाही डेटा गेला नाही.

आधी दर अर्ध्या तासाने तपासणी ठेवली होती, ती दोन तासांवर नेली. छोट्या संकेतस्थळांच्या सर्व्हरला उगाच कशाला त्रास.

२७ जुलै, रविवार

गेले दहा दिवस एकाच गोष्टीवर अडले होते, आज सुटली. सविस्तर लिहिते, कारण मराठीत फीड वापरणाऱ्या प्रत्येकाला हे भोवणार आहे.

रोज चारशेच्या वर बातम्या येतात. सगळ्या वाचणं शक्य नाही. लिफेरियात 'शोध-कप्पा' करता येतो: मथळ्यात अमुक शब्द असेल तर ती बातमी या कप्प्यात दाखव. मी 'कापूस' दिलं. दिवसाला एक-दोन बातम्या यायच्या. पेपर पाहिला तर त्यात पाच. कुठे गेल्या? गेल्या व्याकरणात. मराठीत शब्दाला विभक्ती लागली की शब्दच बदलतो. कापसाला, कापसाचे, कापसावर. यातल्या एकातही 'कापूस' नाही. 'तूर'ची 'तुरीला' होते, 'पाऊस'चं 'पावसाने'. इंग्रजीतल्यासारखा एक शब्द देऊन मराठीत भागत नाही. मग नियम वाढवले: 'कापूस' किंवा 'कापसा' किंवा 'कपाशी'. 'पऱ्हाटी' देऊन पाहिलं, एकही बातमी नाही. आम्ही कपाशीला दिवसभर पऱ्हाटी म्हणतो आणि पेपरात तो शब्द येत नाही. असो.

खरी गंमत पुढे. 'शेतकऱ्यांना' हा शब्द दिला, तर दोन दैनिकांच्या बातम्या आल्या आणि तिसऱ्याची एकही नाही. तिसऱ्याच्या मथळ्यात तो शब्द डोळ्यांसमोर दिसतोय, अक्षर न् अक्षर तेच. तासभर माझं काहीतरी चुकतंय असंच वाटत राहिलं. शेवटी दोन्ही मथळ्यांतला एकेक शब्द फाइलमध्ये उतरवून त्यांचे युनिकोड क्रमांक, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला असतो तो क्रमांक, छापले. 'ऱ्य' मधला तो अर्धा र, ज्याला आम्ही शाळेत कोयतीसारखा र म्हणायचो, तो संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. काहीजण 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त लावतात. काहीजण साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. छापल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला ते दोन वेगळे शब्द. म्हणजे मराठीतला शेतकरी अनेकवचनात गेला की संगणकाला सापडेनासा होतो.

उपाय साधा निघाला: 'शेतक' एवढंच द्यायचं. 'शेतकरी'ही सापडतो, 'शेतकऱ्यांना'ही, कसाही लिहिला तरी. हीच अडचण 'वाऱ्या', 'दौऱ्या', 'कर्मचाऱ्यां'ना आहे. तिथेही अर्ध्या र च्या आधीच शब्द तोडला.

आता 'शेती' कप्प्यात रोज तीस-पस्तीस बातम्या येतात. एवढ्या मी पाऊण तासात वाचते आणि त्यातल्या सहा-सात फळ्यावर लिहिते.

३ ऑगस्ट, रविवार

फळ्यावर लिहायला मदतीला अकरावीतली एक पोरगी येते आहे, अक्षर फार सुंदर. तिने आज विचारलं, "ताई, हे इतकं कामाचं आहे तर कोणालेच कसं माहीत नाही?"

तिला सांगितलं ते इथे थोडक्यात. नेटस्केप या कंपनीने १९९९ च्या मार्चमध्ये आरएसएसची पहिली आवृत्ती काढली, स्वतःच्या मुखपृष्ठावर इतरांच्या बातम्या मांडता याव्यात म्हणून. मग नेटस्केपने लक्ष काढून घेतलं आणि लोकांनीच ते पुढे नेलं. डेव्ह वायनर या प्रोग्रॅमरकडून २००२ मध्ये २.० आवृत्ती आली, आज बहुतेक ठिकाणी तीच आहे. मधली १.० आवृत्ती ठरवणाऱ्या गटात आरन स्वार्ट्झ नावाचा मुलगा होता, तेव्हा १४ वर्षांचा. हे ऐकून तिचे डोळे मोठे झाले. "माह्याहून लहान!" पुढे २००५ मध्ये गूगल रीडर आला, सगळे त्यावर गेले, आणि १ जुलै २०१३ ला गूगलने तो बंद केला. डिसेंबर २०१८ मध्ये फायरफॉक्स ब्राउझरनेही आपली फीड दाखवण्याची सोय काढली. लोकांना वाटलं आरएसएसच बंद पडलं. पण तो साचा कोणाच्या मालकीचा नाही, त्यामुळे कोणाला बंद करता येत नाही. ती जे पॉडकास्ट ऐकते तेही याच साच्यातून येतात.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे, आणि तेही तिला सांगितलं. फीडमध्ये बातम्या वेळेच्या क्रमाने लागतात. सर्वांत वरची ती, जी सर्वांत शेवटी आली. तू काल काय पाहिलंस, कशावर थांबलीस, यावरून कोणी क्रम बदलत नाही. यादी आपण केलेली, क्रम घड्याळाचा.

१० ऑगस्ट, रविवार

घड्याळावर गेल्याच रविवारी एवढा विश्वास दाखवला होता मी, आणि आज सकाळी गुरुजींनी फळ्यापुढे उभं राहून हाक मारली. "पोरी, हे बातमी उद्याची होय का?"

काल रात्री लिहिलेल्या एका बातमीपुढे आजची तारीख होती, पहाटे अडीच वाजताची. लिहिली काल रात्री साडेनऊला! मुलीने रीडरवर दिसली तशी वेळ उतरवली होती, तिची काही चूक नाही. रीडर उघडला तर एका संकेतस्थळाच्या सगळ्याच बातम्या साडेपाच तास पुढे. साडेपाच म्हटल्यावर कारण लगेच लक्षात आलं. फीडमध्ये तारखेपुढे 'जीएमटी', म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे असलेली ग्रीनिचची वेळ, असं लिहिलं होतं, वेळ मात्र आपली भारतीय घातली होती. रात्रीचे नऊ 'जीएमटी' म्हटल्यावर रीडर त्यात इमानदारीने साडेपाच तास मिळवून पहाटेचे अडीच दाखवतो. आणि त्यामुळे त्या संकेतस्थळाच्या बातम्या कायम सगळ्यांच्या वर बसत होत्या. गेला महिनाभर आमच्या फळ्यावर त्यांच्याच बातम्या जास्त का होत्या, ते आता कळलं. कोणी मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही, पण परिणाम तोच.

मला हे फार लागलं. ज्या कामाचा सगळा भार तारखेवर, त्यातच तारीख चुकीची, आणि ती महिनाभर माझ्या ध्यानात आली नाही.

दुरुस्ती: लिफेरियात प्रत्येक फीडसाठी एक गाळणी लावता येते. फीड आली की आधी आपल्या छोट्या प्रोग्रॅममधून जाते, मग रीडरमध्ये. एक ओळीचा प्रोग्रॅम लिहिला: 'जीएमटी' दिसेल तिथे 'अधिक ०५३०' लिही. चालला. संकेतस्थळाला मेलही लिहिला आहे. त्यांनी त्यांच्याकडे नीट केलं तर माझी गाळणी काढावी लागेल, नाहीतर बातम्या साडेपाच तास मागे जातील. म्हणून मॉनिटरला चिठ्ठी चिकटवली.

उरलेल्या तेवीस फीडच्याही वेळा आज एकेक तपासल्या, मूळ पानावरच्या वेळेशी लावून. आणखी एक सापडली, तिच्यात तारीख बातमी लिहिल्याची नसून शेवटची दुरुस्ती केल्याची होती. तिच्यापुढे फळ्यावर 'सुधारित' लिहायचं ठरलं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी पानठेल्यावर जमाव होता. मेसेज: 'सरकारने विदेशी कापूस मोफत केला, कापूस ५,००० वर येणार, दलाल आताच सौदे करून रायले'. दोन पिढ्यांचे लोक तावातावाने बोलत होते, आणि पऱ्हाटीला अजून धड पात्याही, म्हणजे कळ्याही, लागल्या नाहीत.

संगणक सुरू केला. बातमी फीडमध्ये होतीच. अर्थ मंत्रालयाची १८ ऑगस्टची अधिसूचना: कापसाच्या आयातीवरचं शुल्क १९ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर २०२५ या काळापुरतं माफ. शुल्क एकूण ११ टक्के होतं: ५ टक्के मूळ सीमाशुल्क, ५ टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर आणि त्या दोन्हींवर १० टक्के समाजकल्याण अधिभार. हे सगळं मी खडूने जसंच्या तसं लिहिलं. भाव ५,००० वर येईल असं अधिसूचनेत कुठेच नाही, म्हणून फळ्यावरही नाही. त्याखाली वेगळ्या रंगात यंदाचे हमीभाव: मध्यम धागा ७,७१०, लांब धागा ८,११०.

बातमी गोड नव्हती. शुल्क गेलं की बाहेरचा कापूस स्वस्त पडणार आणि आमच्या भावावर दाब येणार, हे कोणालाही कळतं. फळा लिहिला म्हणून ते टळत नाही. पण मावसभाऊ आला, शांतपणे वाचलं आणि विचारलं, "तीस सप्टेंबरलोकच ना? आपला कापूस तं दसऱ्यानंतर निंगते." मी हो म्हटलं. त्याने तारीख मोबाइलमध्ये टिपून घेतली.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. काम बंद.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

काल, २८ तारखेला, ती मुदत वाढली. आयात शुल्काची माफी आता ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत. म्हणजे आमची वेचणी, खेडा खरेदी, जिनिंगची दारं, सगळं तिच्या आत.

पत्र सूचना कार्यालयाच्या फीडमधून काल संध्याकाळी दिसलं. तेव्हापासून मनात एकच घोळत होतं, की मावसभावाने ३० सप्टेंबर टिपून घेतलं आहे ते माझ्या फळ्यावरून. बातमी तेव्हा बरोबर होती, आज नाही. डिसेंबरातल्या त्या मेसेजचंही हेच झालं होतं.

पोरगी डस्टर घेऊन जुनी ओळ पुसायला निघाली, तिला थांबवलं. गुरुजी, ती आणि मी, तिघांनी बसून ठरवलं: महत्त्वाची बातमी बदलली तर जुनी पुसायची नाही. तिच्यावर एक आडवी रेघ, शेजारी 'बदलली, २८ ऑगस्ट', आणि खाली नवी. वाचणाऱ्याला दोन्ही दिसल्या पाहिजेत, नाहीतर काल वाचून गेलेला माणूस आणि आज वाचणारा माणूस पानठेल्यावर भांडतील, आणि दोघंही फळ्याचाच दाखला देतील. फीडमध्येही बहुतेक वेळा असंच असतं. मुदतवाढीची नवी नोंद येते, तिचा जीयूआयडी वेगळा, आणि जुनी नोंद रीडरमध्ये जागेवर राहते.

दुपारी मावसभावाच्या घरी जाऊन सांगून आले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बरं झालं आता समजलं. सीसीआयच्या नोंदणीचे कागद काढून ठेवतो मंग." सातबारा वडिलांच्याच नावावर आहे अजून, फेरफार व्हायचा आहे. ते काम तो आता दिवाळीपर्यंत ढकलणार नाही असं म्हणाला.

१५ सप्टेंबर, सोमवार

माझी चूक, तपशिलाने.

शनिवारी दुपारी 'सचेत'च्या फीडमधून इशारा आला: विजांच्या कडकडाटासह पाऊस, जिल्ह्यात काही ठिकाणी. फळ्यावर लाल खडूने लिहिला, आल्याची वेळ घातली. त्यानंतर मी घरी गेले. रविवारी वाचनालय उघडलं नाही. रविवारी सकाळी एका काकाजींनी फळा वाचला, लाल अक्षरं पाहिली आणि फवारणी रद्द केली. मजूर सांगून ठेवलेले, पंप भाड्याने आणलेला. दिवसभर कडक ऊन पडलं. इशारा शनिवारी संध्याकाळीच संपला होता.

ते रागावले नाहीत, हेच मला जास्त टोचलं. "तारीख तं होती गा बापा, पन मले वाटलं कालचा इशारा आजबी असन."

हे इशारे 'कॅप' नावाच्या साच्यात येतात, जगभर आपत्तीच्या सूचनांसाठी तोच वापरतात. त्यात किती तातडीचं, किती गंभीर, किती खात्रीचं असे तीन वेगळे रकाने आहेत, आणि एक रकाना 'एक्स्पायर्स'चा: इशारा केव्हा संपतो. शनिवारच्या इशाऱ्यातही तो होता. मी फळ्यावर उतरवला नाही.

आजपासून हवामानाची ओळ अशीच लिहायची: कोणी दिला, केव्हा दिला, कधीपर्यंत. तिसरा रकाना रिकामा असेल तर ओळच लिहायची नाही. शनिवार-रविवारी फळा पुसून बंद करण्याचं काम अकरावीतल्या पोरीने स्वतःहून घेतलं आहे, तिचं घर समोरच आहे. काकाजींच्या पंपाचं एका दिवसाचं भाडं देऊ केलं, त्यांनी घेतलं नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

लांबला आहे पाऊस. नाल्यावरून पाणी, तीन दिवसांपासून पेपर नाही. फीड मात्र रोज येत होत्या, कारण मोबाइलचा टॉवर चालू होता. काल फळ्यापुढे चाळीस तरी माणसं होती, बाया आल्या होत्या. एका वहिनींनी मागणी केली की शाळेच्या सुट्टीची आणि शिष्यवृत्तीची बातमीही लिहा. नवा शोध-कप्पा केला: 'शिष्यवृत्ती', 'विद्यार्थ्यां', 'परीक्षा'. बायांना उभं राहून वाचायला ओट्यावर संकोच वाटतो हेही त्यांनीच सांगितलं. म्हणून फळ्याचा फोटो रोज साडेसातला बचत गटाच्या ग्रुपवर टाकते आहे. फोटोत वरची तारीख आली पाहिजे, ती कापायची नाही, एवढा एकच नियम.

५ ऑक्टोबर, रविवार

नदीपलीकडच्या, हिंगणघाटच्या बाजूच्या एका गावातून दोन तरुण आले होते, त्यांच्या वाचनालयात असंच करायचं म्हणून. त्यांना आमची यादी देणं सोपं गेलं. रीडरमधून सगळ्या फीडचे पत्ते एका ओपीएमएल फाइलमध्ये निघतात, आणि ती फाइल कुठल्याही दुसऱ्या रीडरमध्ये घालता येते. त्यांच्याकडे संगणक नाही, म्हणून अँड्रॉइडवरच्या फीडर नावाच्या ॲपमध्ये घातली. पेनड्राइव्हवर त्याची एक प्रत गुरुजींच्या कपाटातही ठेवली, कारण हार्ड डिस्कची कुरकुर वाढली आहे.

त्यांना तीन गोष्टी तोंडी सांगितल्या, फाइलमध्ये त्या जात नाहीत. अर्ध्या र च्या आधी शब्द तोडा. जीएमटीवाल्या फीडची वेळ मूळ पानावर पाहा, कारण मोबाइलच्या ॲपमध्ये माझी गाळणी नाही. इशाऱ्याला 'कधीपर्यंत' लिहा.

त्यांच्या मोबाइलवर २४ पैकी २३ फीड उघडल्या. चोविसावी, आमच्याच एका शेती संकेतस्थळाची, उघडेना. आमच्या रीडरवर पाहिलं तर तिची शेवटची बातमी १७ सप्टेंबरची. अठरा दिवस ती गप्प होती आणि इतर बातम्यांच्या गर्दीत मला कळलं नाही. पत्ता बदलला असेल किंवा बंद केली असेल. उद्या त्यांच्या पानाचा स्रोत उघडून पाहायचं, आणि दर सोमवारी प्रत्येक फीडची शेवटची तारीख तपासायची, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.